मामंजींनी हलवलेली पाटी

मामंजी चोर नव्हते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला, पंगत उठली, पाव्हणे गेले. मला काहीच वाटून राहिलं न्हाई. रडू बी न्हाई. म्हणून मोबाईल घेऊन बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

अख्ख्या डोंगरकडा गावाला माहीत आहे, माझे सासरे तरुणपणी हैदराबादला विमानतळावर नोकरीला होते. सत्तेचाळीस साली एकदम घरी आले ते आलेच.

"पक्की नोकरी अशी जाती व्हय? हात मारला असंल."

लग्न होऊन आले तेव्हापासून गावात हेच ऐकते. मयतीच्या दिवशी बी एक जण हळूच बोलला, "हैदराबादचा माल कुठं पुरला ते सांगून गेला का म्हातारा?"

दोघं-तिघं हसले. मी तिथंच उभी होते.

खरं काय ते मला माहीत होतं.

मयतीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. अंगणात हळद वाळत घातलेली. वरून विमान चाललं होतं. मामंजी बाजेवर बसून मान वर करून बघत होते, पार दिसेनासं होईपर्यंत.

मी म्हणलं, "काय बघून राहिले मामंजी? कोणी टाटा करून राहिलं का?"

ते म्हणले, "एकच आहे ना? बघ बाई. मागं दुसरं न्हाई ना?"

"दुसरं कशाला असंल?"

मग बोलले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना बी न्हाई.

विमानतळावर उंचावर काचेची एक खोली होती. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळे. एक खिळा म्हणजे एक उंची. पाच हजार फूट, सहा हजार, सात हजार. वर जेवढी विमानं, तेवढ्या पत्र्याच्या पाट्या. एका खिळ्याला एकच पाटी. ढगात पायलटला दुसरं विमान दिसत न्हाई, म्हणून ही फळीच सगळ्यांचे डोळे.

साहेब कानाला यंत्र लावून पायलटशी बोलायचा. मामंजी पाट्या हलवायचे. वय एकवीस.

नियम एकच. साहेबानं पायलटला "खाली ये" म्हणलं तरी पाटीला हात लावायचा न्हाई. पायलट स्वतः "ही उंची सोडली" म्हणंल, तवाच पाटी खाली.

त्या दिवशी लई ढग होते. साहेबानं सहा हजारवाल्याला पाच हजारावर यायला सांगितलं. मामंजींनी लगेच पाटी खाली लावली.

मी विचारलं, "काहून?"

"अगं, आमच्या घरात बाप 'बैल सोड' म्हणला की बैल सुटलाच समजायचा. मोठ्यानं सांगितलं म्हणजे झालं. मला वाटलं, साहेबानं सांगितलं, म्हणजे विमान उतरलं."

विमान उतरलं नव्हतं. तिथंच, सहा हजारावर होतं.

साहेबानं फळीकडं बघितलं. सहा हजारचा खिळा मोकळा. त्यानं सात हजारवाल्याला सहा हजारावर बोलावलं.

तेवढ्यात पहिला पायलट बोलला, "आता सोडतोय सहा हजार."

साहेब ओरडला. सात हजारवाला परत वर गेला. जाता जाता त्याला ढगाच्या फटीतून खालच्या विमानाची शेपटी दिसली म्हणे.

दोन्ही विमानं जमिनीवर नीट उतरली. मामंजी काचेतून बघत होते. माणसं उतरली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन पदर नीट करत होती. एक जण चहा कुठं भेटंल ते विचारून राहिला होता. कोणाला काही माहीत नव्हतं.

चौकशी लागली. साहेब म्हणला, "पायलटकू उतरने बोले थे, उसने देर करा. बस. तू मुँह नक्को खोल."

पायलटची नोकरी जाणार होती. मामंजींची राहणार होती.

मामंजी वरच्या साहेबापुढं उभे राहिले न् म्हणले, "पाटी मैंने हटाई. पायलट बोलने के पहले."

नोकरी गेली. चार दिवसांनी ते गाडीनं बाळापूरला उतरले, तिथून घरी.

एवढं ऐकून मी काय बोलावं?

"कोणी मेलं न्हाई ना? मग एवढं काय मनाला लावून घेता!"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. माझ्या हातचा चहा घेतला न्हाई.

तिसऱ्या दिवशी मीच चिडून विचारलं, "लोक चोर म्हणतात, ते चालतंय. मग गावाला खरं काहून सांगितलं न्हाई?"

तेव्हा म्हणले, "चोर म्हणले तर निदान माझी चूक होती असं तरी म्हणतात. खरं सांगितलं असतं तर सगळे तुझ्यासारखंच बोलले असते."

मग माझ्याकडं तोंड फिरवून म्हणले, "मी गेल्यावर सांग. पोरांना चोराचं घर म्हणायला नको. पण तेवढं बोलू देऊ नको कोणाला."

मयतीत सांगायचं होतं. तोंड उघडलं न्हाई माझं. एक वर्ष गेलं.

आता सांगितलं. बराबर वाचा, आणि ज्यानं माल विचारला होता त्यालाही वाचून दाखवा.

आणि कमेंटमध्ये कोणी लिहू नका, की नशीब, कोणी मेलं न्हाई.

मामंजी, उशीर झाला. सुनेचा नमस्कार घ्या.