साडूभाऊंनी नापास केलेला प्लग

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. कलिंगड नाही, छत्री नाही, मांडवाचा खांब नाही, आणि मीही नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी मला बघायला यांनाच पाठवलं होतं. यांनी नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही; सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरले, गॅसची नळी वाकवून बघितली, तिच्यावरची तारीख वाचली, आणि बाहेर येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा बरा आहे. निष्काळजी आहे." त्या शेऱ्यासकट माझं लग्न झालं. आज पंचवीस वर्षं होऊन गेली, शेरा खोडलेला नाही.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, साडूभाऊंनी सगळी नोकरी काढली. आगपेटी फाटकावर ठेवून आत जायचं, अशी ती जागा. तिथे हा स्वभाव कामाचाच होता. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ओळखपत्र परत केलं आणि स्वभाव घरी आणला. तेव्हापासून वारज्यातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इडलीच्या घाण्यातली एक इडली आधी 'नमुना' म्हणून मोडली जाते, मग बाकीच्यांना परवानगी मिळते. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला ते आधी डाव्या हाताची मागची बाजू लावून बघतात. का, तर तळहाताने शॉक बसला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो; मागच्या बाजूने बसला तर हात झटकला जातो. हे शास्त्र खरं आहे, पण ते सगळीकडे वापरायचं असतं का? माझ्या पुतणीच्या लग्नात नवरा-नवरीच्या मागे दिव्यांचा मोर उभा केला होता. हे आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि आधी मोराच्या पिसाऱ्यावरून हात फिरवून आले. फोटोत नवरा-नवरी हसताहेत आणि मागे आमचे साडूभाऊ मोराला कुरवाळताहेत.

अशा माणसाने एके दिवशी इलेक्ट्रिक गाडी बुक केली. आम्ही सगळे थक्क झालो, पण त्याचं कारण ऐकल्यावर गप्प बसलो. कारण होत्या ताई. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची बायको. ताईंना गाडी लागते. लागते म्हणजे कशी, तर चांदणी चौक यायच्या आत लागते. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, गोळ्या झाल्या, वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसवून झालं. साडूभाऊंनी वर्तमानपत्रंसुद्धा बदलून बघितली. काही नाही. स्कूटरवर मागे बसून त्या सगळं पुणं फिरल्या, पण चार चाकांत बसल्या की डोळे मिटून, तोंडाला पदर लावून, देवाचं नाव. त्यांच्या मुलाचं सासर नाशिकचं. साखरपुड्याला ताई गेल्याच नाहीत. लग्नाला गेल्या, आणि लग्नाच्या अल्बममध्ये वरमायेचा रंग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोंडल्यासारखा हिरवा आहे.

"रोग गाडीचा नाही," साडूभाऊंचं निदान, "पेट्रोलच्या वासाचा आहे. वास काढून टाकला की माणूस बरा." सुनेला दिवस गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात त्यांनी गाडी बुक केली. सून बाळंतपणाला माहेरी, नाशिकला जाणार. बारसं तिथेच होणार. मुलाला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आजीने. आजीला नाशिकपर्यंत धड पोचवायचं, एवढ्यासाठी ती गाडी. शोरूमवाल्याने ताईंना दहा मिनिटं फिरवून आणलं. त्या उतरल्या आणि त्यांनी चक्क चहा मागितला! माझी बायको टाळ्या वाजवायची बाकी होती. साडूभाऊ मात्र गंभीर. "दहा मिनिटं हा नमुना अपुरा आहे."

गाडी आली. हार घातला, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून गाडी पार्किंगमध्ये पांघरूण घेऊन उभी राहिली. कारण ती चार्ज कुठे करायची हा निर्णय बाकी होता, आणि निर्णय साडूभाऊंकडे होता.

पर्याय तसे पुष्कळ होते. पहिला मी सुचवला. म्हटलं, "साडूभाऊ, तिसऱ्या मजल्यावरून गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्डची वायर खाली सोडा, झालं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं जिवंत कसे राहिलात?" (मी एकदा मिक्सर चालू असताना त्याचा प्लग सुरीने ढकलून बसवला होता, हे त्यांना माहीत नाही. बायको सांगत नाही, हे तिचे उपकार.)

दुसरा पर्याय, स्वतःच्या घरच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी केबल टाकायची. त्यासाठी कसब्यातला त्यांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला. साठीचा माणूस, तोंडात सुपारी, बोलणं कसब्याचं. साडूभाऊंनी त्याला केबलच्या मार्गाचे नकाशे दाखवले. एक नकाशा नव्हे, अकरा. त्याने अकराही शांतपणे बघितले, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली आणि विचारलं, "साहेब, गाडी चार्ज करायचीय का जमिनीखालून मुंबईला जायचंय?"

तिसरा पर्याय गाडीच्या कंपनीने दिलेला, भिंतीवर बसवायचा चार्जर. तो खोक्यातून बाहेर आला, चार दिवस हॉलमध्ये सोफ्यावर पाहुण्यासारखा बसला आणि तपासला गेला. आश्चर्य म्हणजे पास झाला! पण मग साडूभाऊ खाली गेले आणि त्यांनी पार्किंगची भिंत बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघितली. वर आले ते मान हलवतच. भिंत नापास.

चौथा पर्याय, गाडीसाठी स्वतंत्र मीटर घ्यायचा. अर्ज गेला, जागा बघायला एक साहेब आले. बिचारे सज्जन होते. जागा बघितली, कागद बघितले, म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे, काका. मंजूर." आता कुठलाही माणूस त्यांना सरबत देऊन वाटेला लावील. आमचे साडूभाऊ म्हणाले, "मंजूर कसं? तुम्ही अर्थिंग बघितलंच नाहीत!" साहेब म्हणाले, "काका, इथे सगळं ठीक दिसतंय." "दिसतंय यावर मंजूर करता?" साडूभाऊंनी त्यांना पाऊण तास अर्थिंग समजावलं आणि शेवटी स्वतःचाच अर्ज मागे घेतला. आपल्याला मिळालेली मंजुरी गुणवत्तेच्या कारणावरून नाकारणारा माणूस त्या साहेबांनी त्याआधी पाहिला नसावा. जाताना ते जिन्यात दोनदा मागे वळून बघत होते.

त्यातून एक निघालं, अर्थिंगचा शोध. विजेची गळती जमिनीत जिरवायला इमारतीखाली मीठ-कोळसा घालून एक खड्डा केलेला असतो आणि तो ओला ठेवायचा असतो. सोसायटीत हा खड्डा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साडूभाऊंनी तो कर्दळीच्या वाफ्यात शोधून काढला आणि रोज सकाळी अंघोळ करून त्यात बादलीभर पाणी ओतायला सुरुवात केली. आठवड्याभरात दोन बायका तिथे हळदकुंकू वाहून गेल्या.

राहता राहिला हायवेलगतचा सार्वजनिक चार्जर. तिथे ते मला घेऊन गेले. तीन तास आम्ही इतरांच्या गाड्या चार्ज होताना बघितल्या. साडूभाऊ प्रत्येकाला वाकून विचारत होते, "गरम होतंय का?" एका मुलीने शेवटी सांगितलं, "काका, आता मला गरम व्हायला लागलंय." मग आम्ही चार्ज न करताच परत आलो. जाताना अडतीस टक्के होते. येताना एकतीस राहिले.

आणि सुनेने आम्हाला कुणालाच न विचारता तीन आठवडे आधी बाळ दिलं.

मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी. नाशिकहून विहीणबाईंचा ताईंना फोन, "नाव तुम्हीच सांगायचं बरं का. तुमच्याशिवाय पाळणा हलणार नाही." ताईंनी फोन ठेवला. त्या वेळी मी आणि ही तिथेच होतो. साडूभाऊ बाराव्या नकाशावर वाकलेले. ताई म्हणाल्या, "अहो, मी बसने जाते."

बाईने शांतपणे उच्चारलेलं एवढं भयंकर वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. साडूभाऊंची पेन्सिल थांबली. "अगं, बसने? तुला स्टँडवर उभं राहूनसुद्धा मळमळतं."

"मळमळू दे. नात माझी आहे."

शनिवार उजाडला तरी साडूभाऊंचं काहीच पास झालेलं नव्हतं. आम्ही दोघं सकाळी सातलाच बसला निघणाऱ्या ताईंना निरोप द्यायला म्हणून गेलो, तर ताई पार्किंगमध्ये. गाडीवरचं पांघरूण त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं होतं. डिकीतून गाडीबरोबर आलेली साधी केबल काढली, पंपाच्या खोलीपाशी गेल्या आणि तिथल्या सोसायटीच्या जाड पिनच्या सॉकेटपाशी उभ्या राहून वर हाक मारली, "सेक्रेटरीबाई, आजचा दिवस इथे गाडी लावू का? जी वीज लागेल ती आमच्या नावावर मांडा!"

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सेक्रेटरीबाईंनी डोकं काढलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. "लावा की! दोन महिने मी वाट बघतेय, तुमचे यजमान विचारतील म्हणून. ते येतात, सॉकेटला हात लावून जातात."

ताईंनी प्लग खोचला. गाडीत एक हिरवा दिवा लागला. इतकंच. धूर नाही, ठिणगी नाही. साडूभाऊ जिन्यावरून धावत आले ते वाळूची बादली घेऊन, आणि दिवा बघून तसेच उभे राहिले. मी त्यांच्या हातातून बादली घेतली, कारण ती जड असणार असं वाटलं. ती खरंच जड होती. माझा खांदा अजून बोलतो.

त्या सॉकेटवर गाडी भरायला दहा-अकरा तास लागणार होते. साडूभाऊंनी प्लगशेजारी खुर्ची मांडली, दुसरी माझ्यासाठी. दर पंधरा मिनिटांनी हाताची मागची बाजू प्लगला लावायची आणि वहीत लिहायचं, 'कोमट.' सोसायटीतली माणसं येता-जाता थांबत होती. एकाने विचारलं, "काय काका, आयसीयूत कोण आहे?" दुसऱ्याने "नातेवाईक का?" म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. ताईंनी वरून पोहे पाठवले. त्यातला नमुना घ्यायला साडूभाऊ विसरले, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

दुपारी कधीतरी, पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, ते प्लगकडे बघत म्हणाले, "साडूभाऊ, मला आगीची भीती नव्हती हो."

आमच्या दोघांत एरवी असलं काही बोललं जात नाही.

"पॉइंट पास केला की गाडी बाहेर काढावी लागणार. गाडी बाहेर काढली की ही तिच्यात बसणार. आणि मंचरच्या पुढे हिने पदर तोंडाला लावला, तर? आजवर म्हणायला पेट्रोल होतं. आता काय म्हणायचं हिला? की तुझ्यासाठी आता काही उपाय उरला नाही?"

मी म्हटलं, "वर्तमानपत्र घेऊ बरोबर." एवढं फालतू वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. ते हसले नाहीत, पण वहीत लिहून घेतलं.

रविवारी सकाळी निघालो. शंभर टक्के. पुढे साडूभाऊ आणि ताई, मागे मी आणि ही. माझ्या खिशात चार पिशव्या, हिच्या पर्समध्ये सहा, म्हणजे ताईंवर आमचा विश्वास किती ते बघा. ताई चाकणपर्यंत डोळे मिटून. राजगुरुनगरला मिटलेलेच. साडूभाऊ वळण असं घेत होते, की मांडीवर झोपलेलं मूल जागं होऊ नये. मागचे ट्रकवाले आमच्या पूर्वजांची आठवण काढत होते. मंचर आलं. मी पिशवी उलगडली. मंचर गेलं. कुणीच बोलेना, गाडीलाही स्वतःचा आवाज नाही, त्यामुळे ती शांतता फारच ऐकू येत होती.

नारायणगाव ओलांडलं आणि ताईंनी डोळे उघडले. पदर खाली घेतला. डाव्या हाताला डोंगरांची रांग होती, कातळ उन्हात धुतल्यासारखे. त्या बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे सगळं इथेच होतं?"

मुलाच्या लग्नाला याच रस्त्याने त्या गेल्या होत्या, याच रस्त्याने परत आल्या होत्या. साडूभाऊंनी गाडी एका झाडाखाली कडेला घेतली, थांबवली, आणि खाली उतरून ताईंच्या बाजूचं दार उघडलं. बारसं संध्याकाळी होतं, वेळ होता. ताई उतरल्या आणि पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी उभे राहून साडूभाऊ त्यांना हात लांब करून एकेका डोंगराचं नाव सांगू लागले. अगदी ठामपणे, कुठे न अडखळता. मी त्या भागात बरीच वर्षं हिंडलोय. त्यांतली निम्मी नावं चुकीची होती.

मी खिशातल्या पिशव्या घडी करून ठेवल्या आणि सगळी नावं पास केली.