रणगाड्यातला चालक

ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत, पंखाही बंद. चिकटद्रवाचा गोडसर, उग्र वास जिभेवर उतरतो. जेवणाच्या टेबलावर महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याची छोटी प्रतिकृती आकार घेते आहे. बोटाच्या पेराएवढ्या चालकाचे डोळे यांनी श्वास रोखून रंगवले, त्याला आत बसवले आणि वरचा भाग चिकटवायला घेतला.

"अहो, झाकण तरी उघडं ठेवा. त्याला बाहेरचं दिसू दे."

"लढाईत झाकण बंदच असतं, बाईसाहेब."

"मग डोळे कशाला रंगवलेत?"

"तो आत आहे, हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून."

घुसमटून मी खिडकीच्या कडीला हात घातला.

"थांब गं, रंग वाळू दे," मान वर न करताच ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात.

हात तिथेच राहिला. इतक्या मायेने कोंडलेल्याला आतून दार वाजवायचीही लाज वाटत असेल.