नाव उनं का?

"नाव उनं का, ताई?" हा प्रश्न आधी स्टुडिओत शिरायचा आणि त्याच्या मागून नाना देवरे. चपला अजून दारातच असायच्या. नाना देवळ्याकडचे. नाशकात पंचवीस वर्षं काढूनही तोंडातली अहिराणी जायला तयार नव्हती. 'उनं' म्हणजे आलं. "नही उनं, नाना," मी त्यांच्याच बोलीत सांगायची. तरी ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि कॉम्प्युटरवरच्या यादीवरून बोट फिरवत स्वतः खात्री करून घेत. नापास मुलाचा बाप निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचतो, तसं. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, पण आपल्या कॅमेऱ्याचं नाव त्यांनी झोपेतही ओळखलं असतं.

ती यादी कॅमेऱ्यांची असे. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की कुठल्या कॅमेऱ्यांचे 'रॉ', म्हणजे कच्चे, फोटो त्यात उघडतील ते त्या यादीत दिलेलं असायचं. पाच वर्षं नाना आपल्या कॅमेऱ्याचं नाव शोधत राहिले.

इंदिरानगरातल्या त्यांच्या स्टुडिओत मी अल्बम जुळवायचं काम करायची. फिल्मच्या काळापासून नानांचा एकच नियम होता: निगेटिव्ह फेकायची नाही. एकदा एका बाईंच्या घराला आग लागून लग्नाचा अल्बम जळाला. त्या रडत आल्या. नानांनी वरच्या फळीवरून एक डबा उतरवला आणि अकरा वर्षांपूर्वीची त्यांची निगेटिव्ह चहा यायच्या आत टेबलावर ठेवली. "कच्चं हातात ठेवा," ते म्हणायचे, "पक्कं कधीबी करता येतं."

पुढे डिजिटल कॅमेरे आले. नानांनी मुंबईहून एक स्वस्तात आणला. बिल नाही, सोबतची सीडी नाही, आणि कंपनी अशी, की ती कॅमेरे करते हे आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. दुकानदाराने त्यांना सांगितलं, की साध्या फोटोत कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग पक्के करून टाकतो, पण 'रॉ' घेतला तर जसंच्या तसं सगळं राहतं. नानांना ते लगेच पटलं. "रॉ म्हंजे कैरी, ताई. कैरी हाय तोवर लोणचं बी होतं, आंबा बी होतो. एकदा का आंबा पिकला, मंग निस्ता रस." तरी लग्नाची कामं ते साध्या फोटोंवरच उरकत. गिऱ्हाइकाला घाई असते.

सुरगाण्याच्या एका पाड्यावरच्या शाळेत त्यांच्या ओळखीचे गुरुजी होते, त्यांनी त्या वर्षी दिवाळीनंतर कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलावलं. कार्यक्रम संपला आणि पाड्यावरची माणसं भोवती जमली. दोन दिवसांनी सगळी द्राक्षबागांच्या कामावर निघणार होती. कित्येकांचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. नानांनी शाळेच्या चुन्याच्या भिंतीपुढे एकेकाला उभं केलं. आणि त्यांनी ते सगळे फोटो 'रॉ'मध्ये काढले. मला नंतर म्हणाले, "लग्नवाले धा वेळा फोटो काढतील. यांचा एकदाच निघनार. मंग तो चांगलाच काढाया पाहिजे ना?" निघताना त्यांनी शब्द दिला, की होळीला तुम्ही परत याल तेव्हा फोटो तुमच्या हातात देतो.

परत आल्यावर मी कार्ड लावलं. पडद्यावर चौकट आली: ही फाइल उघडता येत नाही. खाली एकच बटण, 'ओके'. कसलं ओके? मी ते बटण त्या दिवशी शंभरदा तरी दाबलं असेल. कॅमेऱ्याच्या मागच्या तिकिटाएवढ्या पडद्यावर माणसं दिसत होती, हसत होती, पण बाहेर यायला तयार नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथे आड तुडुंब भरलेला आणि पोहराच नव्हता. कंपनीच्या दिल्लीच्या नंबरवर फोन केले. पुढे कळलं, की कंपनीने कॅमेऱ्यांचा धंदाच गुंडाळला होता.

"थांबू," नाना म्हणाले. "पुढच्या यादीत येईल नाव."

होळीच्या आधी गुरुजींचा निरोप आला. पाड्यावरच्या मंजुळाबाईंचा मुलगा लहानू बागेच्या कामावर असताना शेततळ्यात पाय घसरून बुडून गेला. वय वीस-एकवीस. त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. पाड्यावर परतलेली मंजुळाबाई रोज शाळेत येऊन विचारत होती, फोटोवाला कधी येतो?

नाना होळीला गेले. रिकाम्या हाताने नाही. कॅमेरा घेऊन गेले. मंजुळाबाईला त्यांनी मागच्या पडद्यावर लहानू दाखवला. तिने त्या इवल्याशा काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता हा बाहेर काढ." बॅटरी संपून पडदा काळा झाला, तेव्हा तिने हंबरडा फोडला. नाना हे मला सांगत होते आणि हातातल्या कॅमेऱ्याचं झाकण उगीच लावत-काढत होते.

आम्ही काय नाही केलं! त्या छोट्या पडद्याचाच दुसऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. मोठा केल्यावर नुसत्या रेघा आणि डाग आले. नानांनी तोही पाठवला. गुरुजींनी कळवलं, मंजुळाबाईने परत केला, हा माझा नाही म्हणाली. मग नानांनी पाड्यावर जाणं सोडलं. ते मला आवडलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. "कोनत्या तोंडानं जाऊ?" म्हणाले.

पुढच्या वर्षी ती स्वतःच आली. सुरगाण्याहून जीपने, पत्ता विचारत विचारत, दुपारच्या उन्हात. आत येऊन ती भिंतींकडे बघत उभी राहिली. चारी भिंतींवर नवरे-नवऱ्या, बारशी, मुंजी, वाढदिवस. तिने सगळे एकेक करून बघितले. मग नानांकडे वळून म्हणाली, "एवढ्या लोकांचा फोटू निघला. माझे पोऱ्याचाच नाय निघं?"

"मावशी, हाय तो कॅमेऱ्यात. खरंच हाय. फक्त निघत नाय."

"तू खोटा हायेस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. ती गेल्यावर नानांनी तिच्यासाठी ओढलेली खुर्ची उचलून परत जागेवर ठेवली.

त्या दिवसापासून नानांच्या तोंडून "देतो" हा शब्द गेला. फोटो कधी मिळतील असं कोणी विचारलं, की म्हणायचे, "बघू." गिऱ्हाईक 'बघू'वर थांबत नाही, समोर दोन नवे स्टुडिओ होतेच. मी चिडायची. एवढा बोलका माणूस, फोटो काढताना म्हाताऱ्यांनाही हसवणारा, आता "इकडं बघा" एवढंच म्हणायचा. दर रविवारी मात्र ते त्या कॅमेऱ्याची बॅटरी भरून ठेवत, ती पुरती मरेपर्यंत. आणि नवी यादी आली, की स्टूल ओढत.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा नळ्यांमधून हात बाहेर काढून त्यांनी खूण केली. मी वाकले. "नाव उनं का?"

मी म्हणाले, "नही, नाना. अजून नही."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले. त्या दिवशी 'उनं' म्हणायला माझं काय जात होतं? एवढी कसली मी सत्याची पुतळी? हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

पुढच्या वर्षी नाव आलं. मोठ्या कंपनीच्या यादीत नाहीच. परदेशातल्या कोणा हौशी माणसाने घरबसल्या एक छोटं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटलं होतं, त्याच्या यादीत तळाशी आपला कॅमेरा. मी "उनं!" असं मोठ्याने म्हणाले आणि शेजारी बघितलं. स्टूल भिंतीला लावलेलं होतं.

लहानूची फाइल उघडली. नानांचं खरं होतं. कच्च्यात सगळं राहिलं होतं. चुन्याची भिंत, गळ्यापर्यंत लावलेली गुंडी, ओठांवर नुकती फुटलेली मिसरूड, आणि फोटोवाल्याने काहीतरी गंमत केल्यावर आवरता न आलेलं हसू. मी सगळ्यांचे फोटो छापले. लहानूचा मोठा केला.

पाड्यावर गेले. मंजुळाबाई दारातच बसली होती. फोटो तिने दोन्ही हातांनी धरला. पदराने त्याच्यावरची नसलेली धूळ पुसली.

"मंग तो खोटा नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मी आख्खे पाड्यावर सांगत फिरली, फोटोवाला खोटा हाय म्हून." तिने माझा हात धरला. "त्याला सांगशील गं? मंजुळा म्हनली, तू खोटा नव्हतास."

मी म्हणाले, "सांगते. आजच सांगते."