नकार माझ्या नावावर

जर्मन मी पुण्यात चार वर्षं शिकले. हौस म्हणून नव्हे. नवऱ्याची कंपनी त्याला जर्मनीला पाठवणार, हे लग्नाआधीपासूनच ठरल्यासारखं होतं. ऑफिस सुटलं की क्लास, परीक्षा, पुन्हा क्लास. मग एक दिवस तो म्हणाला, "जर्मनीचं बारगळलं गं. जपान मिळतंय." आम्ही टोकियोला आलो. त्याला कंपनीने जपानी शिकवलं. मला निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतल्या दुकानात हिंदीतून मेथी मिळायला लागली.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात त्याच्या टीमने जर्मन मेळ्याला जायचं ठरवलं, तेव्हा मी चांगली कुर्ती इस्त्री केली. बागेत लाकडी बाकं, बँड, आणि शिस्तीत रांग लावून बिअर घेणारे जपानी लोक. घ्या, आलं जर्मनी! पण बटाट्याच्या सॅलडच्या टपरीवर खरोखरचा जर्मन बाप्या होता. मी विचारलं, यात मेयोनेझ घालता की व्हिनेगर? तो खदखदून हसला. त्याच्या घरी यावरून भांडणं होतात म्हणे. दहा मिनिटं आम्ही नुसती बडबड केली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मागे नवऱ्याचे जपानी साहेब उभे होते, चकित होऊन. "ओकुसान," ते म्हणाले. म्हणजे आपल्याकडचं 'वहिनी'. मग इंग्रजीत, "इतकं छान जर्मन येतं, मग तुम्ही नको का म्हणालात? परका देश मिसेसना झेपणार नाही, म्हणून तर यांनी जर्मनी सोडलं. कंपनीने मला विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, इथे पाठवा, इथे भारतीय शेजार आहे."

आपल्याकडे ऑफिसात स्वतःला नको ते टाळायची सोपी रीत आहे: "घरून नाही म्हणतात." पुण्यातला साहेब ते ऐकतो, मान डोलावतो आणि विसरून जातो. या भल्या माणसाने ते खरं मानलं आणि माझी काळजी करत बसला.

नवरा ग्लासात बघत होता. साहेब उत्तराची वाट बघत होते. मी खरं बोलले असते, तर अख्ख्या टीमसमोर तो खोटा पडला असता.

"थंडी," मी म्हणाले. "मला थंडी सोसत नाही."

साहेबांनी हळहळून मान हलवली. मी उरलेलं सॅलड प्लेटसकट कचऱ्यात टाकलं.

परतीच्या मेट्रोत तो कुजबुजला, "सांभाळून घेतलंस हं."

"का केलंस असं?"

तो म्हणाला, "तिथे सगळीकडे तूच बोलली असतीस. बँकेत, डॉक्टरकडे. मी आपला मुक्यासारखा तुझ्या मागे उभा. ते कसलं जगणं?"

"मला विचार ना," मी म्हटलं. "तीन वर्षं इथे तेच जगतेय."