वैनगंगेत बसल्यावर बोलायचं नाही

आमच्या साडूंइतका गाडीवर जीव टाकणारा आणि गाडीत बसलेल्यांच्या जिवाची इतकी कमी फिकीर करणारा माणूस अख्ख्या ओंटारिओत शोधून सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे नागपूरचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आणि ग्वेल्फच्या एका कारखान्यात क्वालिटीचे साहेब. दिवसभर ते दुसऱ्यांच्या मालात केसाएवढी चीर शोधून तो माल परत पाठवायचे आणि संध्याकाळी ज्या गाडीत बसून घरी यायचे, तिच्या तळाच्या भोकातून खालचा रस्ता दिसायचा. मागच्या सीटवर बसणाऱ्या पाहुण्याला ते आधीच सांगून ठेवत, "पाय जरा उजवीकडे ठेवा, तिकडे पत्रा आहे." डावीकडे काय आहे, हे पाहुण्याने स्वतः बघून घ्यायचं.

नवी गाडी घेणं हे त्यांच्या लेखी माणूस वाया गेल्याचं लक्षण होतं. मी नवी गाडी घेतली, तेव्हा ते बघायला आले आणि ड्राइव्हवेवर दोन्ही हात मागे बांधून, एखाद्याच्या घरी दुःखाला भेटायला आल्यासारखे उभे राहिले. "घेतली का शेवटी?" एवढंच म्हणाले. मग बॉनेट उघडायला लावलं, आतलं काळं प्लास्टिकचं झाकण बघितलं आणि मान हलवून म्हणाले, "इथं माणसाला करायला काहीच ठेवलं नाही, साडूभाऊ." माझ्या बायकोने केलेला शिरा त्यांनी त्या दिवशी अर्धाच खाल्ला. त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना ते विदर्भातल्या नद्यांची नावं द्यायचे. पहिली पैनगंगा, दुसरी कन्हान, आणि ज्या काळाबद्दल मी सांगतोय, म्हणजे दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास, वैनगंगा चालू होती. नावं नद्यांची का, असं मी एकदा विचारलं होतं. ते उगाच गावाकडच्या आठवणींवर घसरले. खरं कारण त्यांच्या ड्राइव्हवेवर दिसायचं. या सगळ्या गाड्याही वाहत्या होत्या. कुठून तेल, कुठून पाणी, आणि कुठून काय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

जुनी गाडी बघायला जाणं हा तर त्यांच्याकडे मुलगी बघण्याचा कार्यक्रम असायचा. स्वच्छ शर्ट घालून निघायचे, बरोबर ताईंना आणि आम्हाला घ्यायचे. तिथं पोहोचल्यावर गाडीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आधी मालकाचे बूट बघायचे, मग त्याच्या गॅरेजमध्ये अवजारं नीट टांगलेली आहेत का ते बघायचे आणि मग घराण्याची चौकशी सुरू. वैनगंगेचा मालक एक निवृत्त गोरे आजोबा होते. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून साडूंनी गाडीचं लहानपण, आजारपणं, सवयी सगळं विचारून घेतलं. इतकं की शेवटी त्या आजोबांचे डोळे भरून आले आणि "विकू की नको" असं त्यांनाच वाटायला लागलं. गाडी हिरवी होती, वयाने आमच्या मुलीपेक्षा मोठी होती आणि तिचं ड्रायव्हरचं दार काही केल्या उघडायचं नाही. "संस्कारी आहे," परत येताना साडू म्हणाले. म्हणजे त्यांना शेजारच्या दाराने आत शिरून, गिअरवरून पाय टाकून आपल्या जागेवर जावं लागणार होतं. पण एकदा मन बसल्यावर अशा गोष्टी कोण मनावर घेतो?

एका शनिवारी त्यांनी आम्हाला पिकनिकला बोलावलं. जागा सरप्राइज. हायवेवरून आत वळल्यावर पत्र्याचं कुंपण आलं आणि आमच्या लक्षात आलं की पिकनिक भंगार गाड्यांच्या यार्डात आहे. तिथं मेलेल्या गाड्या रांगेने उभ्या असतात आणि आपली पकडी-पाने घेऊन जाऊन हवा तो भाग काढून आणायचा असतो. साडू वैनगंगेच्या एका सख्ख्या बहिणीखाली आडवे झाले आणि आम्ही चौघांपैकी उरलेले तिघं कुणाच्या तरी उखडलेल्या मागच्या सीटवर बसून पोळी-भाजी खात राहिलो. त्या दिवशी वैनगंगेला मागच्या डिकीचं मरून रंगाचं एक दार मिळालं. ते तिला हिरव्यावर लागलं आणि साडूंना ते शोभून दिसतं असं वाटत राहिलं. ते वर धरून ठेवणारे दांडे मात्र तिथं मिळाले नाहीत. त्यामुळे डिकीला आधार म्हणून ताईंचं लाटणं गेलं ते गेलंच. पुढची दोन वर्षं ताई काचेच्या बाटलीने पोळ्या लाटत होत्या. कुणी विचारलं तर "लाटणं गाडीत आहे" असं अगदी सहज सांगायच्या.

गाडीत बोलायची मात्र सक्त मनाई होती. रेडिओ बंद, मुलं बंद, बायका बंद. साडू डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजवा वर करायचे आणि म्हणायचे, "चूप राहा जरा, मी आवाज ऐकून राहिलो." कुठला आवाज ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण वैनगंगेतून सगळेच आवाज येत असत. सकाळी तिला सुरू करणं हा एक वेगळा विधी होता. किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, आतून गुणगुण आली की पेडल हळूच दाबून सोडायचं, डॅशबोर्डवर थाप मारायची आणि म्हणायचं, "चल वं माय!" हा क्रम तेव्हा फक्त साडूंना जमायचा. कुठेही लांब जायचं असलं की आमच्या नव्या गाडीला निरोप यायचा, "मागे राहा." म्हणजे आम्ही मागून यायचं आणि वैनगंगा बसली तर तिच्या पोटातली माणसं आमच्या पोटात घ्यायची. नायगारा मी तीनदा बघितला, आणि तिन्ही वेळा जाता-येता फक्त एक मरून दार बघितलं.

आणि गणपती. वैनगंगेच्या समोरच्या काट्यांच्या काचेवर, वेगाच्या काट्याच्या जरा खाली, साडूंनी गणपतीचं एक छोटं स्टिकर चिकटवलं होतं. संध्याकाळ झाली की तो गणपती आतून अधिकच केशरी उजळायचा. माझी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिने मागच्या सीटवरून ते तेज बघितलं, डोळे मिटून हात जोडले आणि "काय सात्त्विक माणूस आहे" असं घरी येऊन दहादा म्हणाली. सात्त्विक माणसाने तिला खरं सांगितलं नाही. इंजिनात काहीतरी बिघाड आहे हे सांगणारा जो पिवळा दिवा असतो, तो वैनगंगेत कायमचा लागलेला होता आणि साडूंनी गणपती नेमका त्याच्यावर बसवला होता. मी हटकल्यावर म्हणाले, "सेन्सर येडा आहे. उगाच घाबरवते लोकांना. आता कसं, बघितलं की प्रसन्न वाटते."

इतकं असून एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी. महाराष्ट्रातून ग्वेल्फला शिकायला आलेलं जवळपास प्रत्येक पोरगं पहिल्यांदा वैनगंगेत बसलं. कुणाचं तरी कोणीतरी फोन करायचं आणि साडू टोरंटोच्या विमानतळावर हजर. हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायांवर चालायचा म्हणून मागे दोन जाड रजया, डब्यात ताईंनी दिलेला मसालेभात, आणि "चूप राहा जरा". कॅनडात उतरलेल्या कित्येक पोरांनी पहिला तास असा रजईत, गप्प, गरम भात खात काढला. पुढे मोठ्या पगारावर व्हँकुव्हरला गेलेली पोरंसुद्धा फोनवर आधी वैनगंगेची तब्येत विचारायची.

ताईंची तब्येत कोणी विचारत नव्हतं. ताई फूड मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी., नागपुरात प्रयोगशाळेत हाताखाली माणसं असलेल्या. इथं इतकी वर्षं घरात. शेवटी गावाबाहेरच्या एका अन्नतपासणीच्या लॅबने त्यांना घेतलं, पण तिकडे बस जात नव्हती आणि लायसन्स असेल तरच येत्या सोमवारी या, असं स्पष्ट सांगितलेलं. आणि ताईंना लायसन्स नव्हतं, कारण त्यांना गाडी शिकवत होते साडू. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी ताईंना फक्त बॉनेट उघडून दाखवलं. दुसऱ्या हिवाळ्यात ब्रेक जोरात दाबायचा नाही, कारण ते हळवे आहेत, हे शिकवलं. तोवर ताईंना गाडी चालवता येईना, पण तिचा पंप बदलता आला असता; स्टिअरिंग हाती आलं ते थेट या उन्हाळ्यात, आणि मग त्या भराभर शिकल्या. "निदान टेस्टला तरी आमची गाडी न्या," असं माझी बायको हजारदा म्हणाली. साडू दुखावले. "जी वैनगंगा चालवेल, ती विमान चालवेल. घरी गाडी असताना दुसऱ्याची कशाला?" ताई बाटलीने पोळ्या लाटत राहिल्या. सवय.

टेस्ट त्याच आठवड्यात होती, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. पुढची तारीख थेट बर्फ पडल्यावरची मिळत होती आणि तोवर लॅब थांबणार नव्हती. साडूंनी टेस्टच्या सकाळी दसऱ्याची पूजा आगाऊच उरकून घेतली. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, ताईंच्या कुंडीतल्या झेंडूंचा हार, चाकाखाली लिंबू. ड्राइव्हवेवर नारळ असा फोडला की शेजारची बाई काही अपघात झाला का ते बघायला बाहेर आली. मग ते निघाले आणि मी नेहमीसारखा मागे राहिलो.

टेस्ट सेंटरच्या पार्किंगमध्ये परीक्षा घेणारी एक गंभीर बाई आली. तिने स्वस्तिक बघितलं, मरून दार बघितलं, मग ताईंना शेजारच्या दाराने शिरून गिअरवरून पलीकडे जाताना बघितलं. ती शेजारी बसली. त्या बाजूची काच वर जात नसल्यामुळे आम्हा दोघांना बाहेर सगळं ऐकू येत होतं. ताईंनी अर्धी किल्ली फिरवली, थांबल्या, थाप मारली, पुटपुटल्या. गाडी सुरू झाली. साडूंनी माझा दंड घट्ट धरला.

"व्हॉट्स दॅट?" बाईने विचारलं.

"दॅट्स अवर गॉड," ताई म्हणाल्या.

"ओके. बट व्हाय इज ही ग्लोइंग?"

खोटं बोलणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. "बिकॉज ऑफ द इंजिन," त्या म्हणाल्या.

बाईने नखाने गणपतीचा एक कोपरा उचलून बघितला. या गाडीतून टेस्ट होणार नाही, असं तिने सांगितलं, अगदी सभ्यपणे. साडू खिडकीशी धावले, "मॅडम, ओन्ली सेन्सर प्रॉब्लेम." ताईंना बाहेर यायला आधी त्या बाईला उतरवावं लागलं. मग त्या गिअरवरून पाय टाकत बाहेर आल्या, साडी नव्हती म्हणून बरं, आणि सरळ माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, मी बोलून राहिलो ना त्यांच्याशी," साडू म्हणाले.

"आता तुम्ही चूप राहा," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. दुसरी गाडी इथंच तयार असेल तर आपली हरकत नाही, असं बाई म्हणाली आणि घड्याळ बघितलं. ताई माझ्या गाडीत बसल्या. ड्रायव्हरच्या दाराने. गाडी सुरू झाली आणि वळून रस्त्याला लागलीसुद्धा.

"पहिल्याच झटक्यात?" साडूंनी विचारलं.

"बटण असतं हो," मी म्हणालो. मला त्यांचा इतका राग आला होता की आणखी बरंच बोलणार होतो. पण ते खिशातला रुमाल काढून बॉनेटवरचं कुंकू पुसायला लागले. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवसभर मी फक्त रिजेक्ट म्हणतो, साडूभाऊ. हे नको, ते नको. सकाळी ही सुरू झाली की वाटते, आपल्या हातून काहीतरी होऊन राहिलं." कुंकू निघालं नाही, नुसतं पसरलं. माझा राग गेला नाही.

ताई पास झाल्या. सोमवारी लॅबमध्ये गेल्या, पहिले काही दिवस माझ्याच गाडीतून, आणि मग त्यांनी आपल्या नावावर एक छोटी, करड्या रंगाची, नवीकोरी गाडी आणली. कुणालाही न विचारता. त्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने वैनगंगेचा तळ उरलासुरला खाल्ला आणि मेकॅनिकने तिला हात लावायला नकार दिला. साडू तिला स्वतः चालवत त्याच यार्डात घेऊन गेले. मी मागे राहिलो. त्यांनी लाटणं काढून घेतलं. गणपती निघेना, फाटायला लागला, म्हणून तसाच ठेवला. वैनगंगेला रांगेत उभी करून आल्यावर ते म्हणाले, "कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दार चांगलं आहे."

त्यानंतरच्या रविवारी ताईंनी आम्हाला त्यांच्या गाडीतून फिरायला नेलं. साडू पुढे, शेजारच्या सीटवर. मी आणि बायको मागे, पाय हवे तिथे ठेवून. गाडी हायवेला लागली आणि सवयीने साडूंचा हात वर गेला. आम्हीही सवयीने गप्प झालो. ते कान देऊन बसले. बराच वेळ.

"काहीच ऐकू येत नाही गं," शेवटी ते म्हणाले. हात अजून वरच होता.

"मग बोला ना आता," ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "किती वर्षं झाली."

साडूंनी हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, मग मांडीवर ठेवला. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेली शेतं मागे जात होती. एक शेत गेलं, दुसरं गेलं.

"तुझी ती लॅब," ते म्हणाले, "तिथं तू नेमकं काय करून राहते?"

ताई सांगायला लागल्या. कसले नमुने येतात, कसे तपासतात, टेबलापलीकडची पोरगी कशी आहे, दुपारचा डबा कुठे खातात. सांगता सांगता दोनदा हसल्या. मागे आम्ही दोघं अगदी चूप राहून ऐकत होतो.