पुंडलिकची वतनी जागा

शाळेतले किस्से खडूच्या भुकटीसारखे. कितीही झटका, घरी जाताना सदऱ्यावर थोडे उरतातच. साखरखेर्ड्याच्या शाळेत मास्तर होऊन मला वर्षही झालं नाही, तरी सदरा पांढरा झालाय!

पुण्याहून बी.ए. होऊन आलो तो गाव बदलायच्या जिद्दीनेच. आमच्या वर्गात मुलं नंबराने बसत. हुशार फळ्याजवळ, ढ मागच्या भिंतीला. शेवटच्या बाकावर चौदा वर्षांचा पुंडलिक. म्हटलं, "पुढे यावंसं वाटत नाही का रे?"

"काऊन जी? आमचे बाबाबी इथंच बसत. वतन हाय ते आमचं."

*

त्याच्या घरी गेलो. ओसरीवर पुंडलिक धाकट्या बहिणीला त्रिकोणाचं प्रमेय समजावत होता. तेच, जे सकाळी वर्गात विचारल्यावर त्याने मान खाली घातली होती!

"अरे, तुला तर येतंय."

"घरी येते, मास्तर. शाळेत नाही येत."

*

त्याचे वडील किसनराव म्हणाले, "डोकं माह्यंच हाय त्याचं. औंदा शाळा तपासाले येते त्या डिप्टीच्या परीक्षेत नापास झाला, त नांगरावर धाडतो."

आतून पुंडलिकची आई बोलली, "तुमी तरी नांगराचा तास कुठी सरळ मारता?"

*

हेडमास्तरांकडे धावलो. म्हटलं, पोराची शाळा सुटेल, त्याला पुढे बसवू. ते पान लावत म्हणाले, "नंबर म्हणजे नंबर. बी.ए. झालात ना? आता मास्तर व्हा."

नंबर हलेना, म्हणून रविवारी मी फळाच हलवला. मागच्या भिंतीवर टांगला अन् सगळी बाकं फिरवली!

सोमवारी वकिलांचा मधू, नंबर पहिला, सगळ्यांत मागे. "मास्तर, मी आता कितवा?"

"पहिलाच. तू जागचा हललास का?"

*

डिप्टीसाहेब परीक्षेला आले. फळ्यासमोरचा मुलगा पहिला असणार, म्हणून त्यांनी पुंडलिकलाच उठवलं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, सिद्ध कर. पोराने खडू घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं, अन् बहिणीला सांगावं तसं सगळं सांगून टाकलं.

"शाबास! कधीपासून पहिला आहेस?"

"फळा इकडं आला तवापासून, साहेब."

हेडमास्तर छताकडे पाहत होते.

*

संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, किसनराव आले. "पास झाला म्हणतेत?"

"झाला. मग आता नांगराचं काय?" मी विचारलं.

ते सरळ जाऊन पोराच्या बाकावर, आपल्या जुन्या जागेवर बसले. गुडघे अडकले, तरी बसले. फळ्यावर पुंडलिकचा त्रिकोण तसाच होता. त्याच्याकडे पाहून म्हणाले,

"मास्तर, आता इथून दिसते."