निळ्या बुचाची नळी

आमची वहिनी एका जागी बसली तर समजावं, तिला ताप आलाय. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते, पण तो काटेकोरपणा घरीही सुटत नाही. पाण्याची बाटली कुणी अर्धवट भरून ठेवली तरी तिचा जीव खालीवर होतो. मी तिची नणंद, त्यामुळे तिला चिडवायचा मान माझा.

त्या दिवशी मात्र तिच्या येरझाऱ्या बघवेनात. आई घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं; तिला वहिनीच्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. ऑपरेशन ठरलं आणि रिपोर्ट आला, की रक्त गोठायला फार वेळ लागतोय. डॉक्टर म्हणाले, "असं असताना मी हात लावणार नाही. यकृत तपासू, काही दिवस थांबू." उताणं पडून आईच्या छातीत कफ भरायला लागला होता. तिच्याकडे थांबायला दिवस नव्हते, हे मलाही दिसत होतं. माझं डोकंच फिरलं.

"तुमच्या लॅबमध्ये झोपा काढतात का?" मी वहिनीवर घसरले. एरवी तिने माझी बिनपाण्याने केली असती. आज ती ओढणीचं टोक पिळत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"वन्सं, लॅबचं काही चुकलं नाही," ती शेवटी म्हणाली. "माझं चुकलं."

आईचं रक्त तिनेच काढलं होतं. निळ्या बुचाची नळी अर्ध्यावर असताना शीर दगा देऊन गेली. दुसऱ्या हाताला टोचून जांभळ्या बुचाची भरली. आई कळवळून म्हणाली, "पुरे गं आता." तिसऱ्यांदा टोचायला वहिनीचा हात धजेना. तिने जांभळीतलं थोडं रक्त निळीत ओतून नळीवरची भरायची खूण गाठली.

"मग? रक्त तेच ना?"

"रक्त तेच, औषध वेगळं. निळीतलं औषध रक्ताला तात्पुरतं थोपवतं. मशीनवर कॅल्शियम घातलं की ते गोठतं. जांभळीतलं औषध ते कॅल्शियमही गिळून बसतं. मग चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही." तिने ओढणीला आणखी एक पीळ दिला. "यावरून मी नव्या मुलींना रडवते, वन्सं."

ती तशीच उठली आणि डॉक्टरांना, लॅबमधल्या सगळ्यांसमोर, हे सांगून आली. परत आली ती दुसऱ्या टेक्निशियनला घेऊन. "माझा हात चालायचा नाही," म्हणाली.

आईने पडल्यापडल्या सगळं ऐकलं होतं. "हिनेच काढायचं," ती म्हणाली. "आणि मी ओरडले तरी थांबायचं नाही."

आई ओरडली. वहिनी थांबली नाही. निळी नळी खुणेपर्यंत भरली.

नवा रिपोर्ट चांगला आला आणि दुपारी आईला आत नेलं. वहिनी बाकावर बसली ती हललीच नाही. न राहवून मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.